सुपडामायच्या घरातली सहा कुलपं

आमच्या शहाद्याच्या बाजूला कुणाच्या घरी म्हातारं माणूस सैरभैर झालं, की हल्ली मला फोन येतो. फोनवर कुणीही ‘स्मृतिभ्रंश’ म्हणत नाही. तो शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो आणि चिठ्ठी कपाटात असते. “सिस्टर, आमचे आबा जरा वेगळंच वागायला लागले,” एवढंच सांगतात, तेही आवाज खाली घेऊन. भाऊबंदांनी ऐकलं तर काय म्हणतील, ही काळजी आबांच्या काळजीपेक्षा थोडी मोठीच असते.

मी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी केली. पहिली काही वर्षं मोलगीच्या बाजूला डोंगरात, मग सगळी तापीकाठच्या गावांत. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, रजिस्टरं भरली आणि निवृत्त झाले. घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा बरं म्हणून हे काम धरलं. सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी सहाला निघायचं. मधल्या वेळात त्या माणसाची आंघोळ, जेवण, औषधं बघायची. पण ही सगळी सोपी कामं. खरं काम असतं ते भीतीचं. विसरण्याचा त्रास घरच्यांना होतो. ज्याला आजार झालाय त्याला भीती छळते. आपलं काहीतरी महत्त्वाचं करायचं राहून गेलंय, एवढं त्याला कळतं. काय राहिलंय ते मात्र सांगता येत नाही, आणि घरातला जो तो म्हणत असतो, “काही राहिलं नाही, गप बसा.”

तापीकाठच्या एका गुजर घरातले आबा होते. केळीची मोठी बाग, मुलं कर्ती, दारात दोन ट्रॅक्टर. पण दुपारचे तीन वाजले, की आबा धोतर सावरत उठायचे आणि सगळ्यांच्या मागे लागायचे, “लाईट उनी का? मोटर कोन चालू करी?” शेतीची वीज ठरल्या वेळी येते. ती पाळी चुकली की बाग तहानलेली राहते. या माणसानं चाळीस वर्षं ती पाळी सांभाळलेली. मुलं समजावायची, “आबा, आता सगळं मोबाईलवर चालतं.” आबांना वाटायचं, ही कार्टी बाग जाळणार. एकदा ते हातात काठी घेऊन फाटकापर्यंत गेले.

मी गावातल्या वायरमनकडून मोटारीचा जुना, मोडका स्टार्टर मागून आणला आणि ओट्याच्या भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर ठोकून घेतला. त्याला वायर नव्हती. तीन वाजता मी आवाज द्यायचे, “आबा, लाईट उनी!” आबा यायचे, हिरवं बटण दाबायचे, कान देऊन ऐकायचे आणि समाधानानं खाटेवर टेकायचे. एक दिवस मी भाजी निवडत बसले होते, तर माझ्यावरच डाफरले, “तास व्हयना, बंद कोन करी? बांध फुटी ना!” मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. त्या घरात असेपर्यंत बागेला पाणी देण्याची जबाबदारी माझी होती, आणि एकदाही बांध फुटला नाही हे मी इथं नमूद करते.

दुसरे एक निवृत्त गुरुजी होते. ते मोरीत जायला तयार नसत, आत कुणीतरी म्हातारा उभा आहे म्हणत. घरचे रोज समजावत, “गुरुजी, आरशात तुम्हीच आहात.” गुरुजींचा अपमान व्हायचा. त्यांच्या मते त्यांचे केस अजून काळे होते. मी आरशावर टॉवेल टाकला. सूनबाईनं विचारलं, “एवढंच?” म्हटलं, एवढंच.

असले किस्से मी लग्नाकार्यात रंगवून सांगते, लोक हसतात, “सिस्टर, तुमच्या हातात जादू शे,” म्हणतात. कौतुक कुणाला आवडत नाही? मीही घेते. पण माणूस ज्याला घाबरलंय ते खोटं ठरवायचं नाही, त्याच्या बाजूनं उभं राहायचं, हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. मी ते एका बाईला आठ महिने छळून शिकले. तिचं नाव सुपडाबाई. गाव तिला सुपडामाय म्हणायचं.

सुपडामाय दाई होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. मी उपकेंद्रात नवी आले तेव्हा ती पन्नाशीची असेल. उंच, काळीसावळी, नऊवारीचा काचा मारून चालणारी. वयानं मोठी म्हणून ती मला तू म्हणायची. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, तिच्याकडे हात होते. सरकारनं दायांना प्रशिक्षण दिलं तेव्हा तिला ॲल्युमिनियमची एक पेटी मिळाली होती. नवं ब्लेड, धागा, साबण, प्लास्टिकचा कागद असं त्यात. ती पेटी ती देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवायची.

मी तिला साबणानं हात धुवायला शिकवलं, हे मी सगळ्यांना सांगत आले. तिनं मला काय शिकवलं ते मात्र फारसं सांगितलं नाही. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि नाळ गळ्याभोवती असली तर घाबरायचं नाही, दोन बोटं आत सरकवायची, नाळ सैल करून डोक्यावरून काढायची. पुस्तकात मी हे वाचलं होतं. पण बोटांना ते कळलं ते सुपडामायच्या शेजारी बसून.

तिचं एकच मला पटायचं नाही. बाळंतीण अडली, की ती घरातल्या बायकांना कामाला लावायची. पेटीचं कुलूप काढ, कोठीचं झाकण उघड, दाराची कडी काढ, दावणीची ढोरं सोड, बाळंतिणीची वेणी मोकळी कर, पोतं शिवलेलं असलं तर त्याची शिवण उसव. घरात काही बांधलेलं, अडकलेलं राहता कामा नये. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. मी महिन्याच्या बैठकीत दायांसमोर तिची नक्कल करायची. सगळ्या हसायच्या. सुपडामायही तोंडाला पदर लावून हसायची.

मग वरून नवं धोरण आलं. सगळी बाळंतपणं दवाखान्यातच झाली पाहिजेत, दायांनी हात लावायचा नाही. धोरण चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. दवाखान्यामुळे वाचलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्यात. चूक माझी होती, सांगण्याच्या पद्धतीत. तिला घरी जाऊन, चहा पीत, तुझ्या हातांचे उपकार आहेत म्हणत मला सांगता आलं असतं. मी अंगणवाडीत सगळ्या गावच्या बायकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “सुपडामाय, आजपासून बाळंतिणीला हात लावायचा नाही. लावलास तर पोलिसात देईन.” पोलिसांचं मी पदरचं जोडलं होतं. नोकरीत नवा अधिकार आला होता, तो वापरून बघायचा होता. पेटीही परत मागितली. ती घरी गेली, पेटी आणली, आपल्या पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

त्याच हिवाळ्यात एका शेतावरच्या सालदाराची बायको अडली. डोंगरातून खाली येऊन वर्षाच्या करारानं शेतावर राहणारं ते जोडपं. उसाच्या कडेला झोपडी होती. दिवस भरायला अवकाश होता, पण भर दुपारी कळा सुरू झाल्या. नवरा सुपडामायकडे धावला. ती गेली, तिनं बघितलं आणि शेतमालकाच्या घरी निरोप पाठवला, नर्सबाईला आणि जीपला बोलवा म्हणून. मी तालुक्याला मीटिंगला होते. निरोप मिळून, जीप मिळून, उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यानं मी पोचेपर्यंत मूल बाहेर येऊन गेलं होतं. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. मुलगी होती. ती रडली नाही.

सुपडामाय झोपडीच्या दाराशी उभी होती, हात पाठीमागे बांधून. आत पत्र्याची पेटी सताड उघडी, बाईची वेणी सुटलेली. बाहेर मोटारीच्या खोलीचं कुलूप काढून खाली ठेवलेलं, बकरी दावं सोडून उसात शिरलेली. मी ते सगळं बघितलं आणि माझा तोल गेला. जमलेल्या माणसांसमोर मी ओरडले, “कुलपं उघडून पोरं वाचतात का गं? हे करत बसलीस?”

ती हळूच म्हणाली, “हात लावू नको म्हने व्हतीस तू. मी हात नही लावा. फक्त कुलपं खोलात.”

आई वाचली. मी रजिस्टरमध्ये मृत जन्म म्हणून नोंद केली. उशिराचं कारण लिहायच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला, ‘दाई’. तिचा हात लागला असता तर मुलगी वाचली असती का, हे कुणाला सांगता येणार नाही. पण ती दोन बोटं तिथं होती आणि मी ती पाठीमागे बांधायला लावली होती. सुपडामायनं त्यानंतर कुठल्याच बाळंतिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. मी बढतीवर दुसऱ्या गावाला गेले. नवी गावं, नवी रजिस्टरं. खरं सांगते, मी ती दुपार विसरून गेले. ज्यानं बोलायचं ते बोलून घेतलं त्याला विसरायला काही कष्ट पडत नाहीत.

वीसेक वर्षांनी, मी निवृत्त होऊन हे काम सुरू केल्यावर, तिच्या मुलाचा, हिरामणचा फोन आला. “सिस्टर, मायनं डोकं काम करत नही आते. ती बांधेल बठ्ठं सोडी देस. काल्दिन म्हैस सोडी दिन्ही, शेजारना केयीना बागमा घुसनी. भांडन व्हयनं भलतं.”

माझं हे पहिलंच घर होतं. गेले तर सुपडामाय ओट्यावर बसलेली. उंची तेवढीच, पण अंगावरचं मांस गेलेलं. मला तिनं ओळखलं नाही, असं मला वाटलं. हिरामणची बायको रत्ना रडवेली होती. सासू दुपारभर घरात फिरते, कोठीचं झाकण काढते, उंदीर शिरतात. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडते. दोरीवरच्या कपड्यांच्या गाठी सोडते. एकदा शेगडीची नळीच ओढत होती. “आनि परवा मी दुपारनी पडेल व्हती, तं मन्ही वेनी सोडी टाकी,” रत्ना म्हणाली. “डोया उघडात तं त्या वर वाकेल. माले भेव वाटस, सिस्टर.”

आता हे वाचणाऱ्याला कळलंच असेल. कुणालाही कळेल. कुलपं, झाकणं, दावी, वेणी. मला कळलं नाही. मी नर्स होते आणि माझ्यासमोर एक लक्षण होतं. वस्तूंशी चाळा करणं हे या आजारात होतं, हे मी वाचलेलं होतं. मी वही काढली, घरभर फिरले आणि उपाय लिहून दिला. हिरामणनं त्याच दिवशी सहा कुलपं आणली. कोठीला एक, कपाटाला एक, तिच्या कपड्यांच्या जुन्या पेटीला एक, मागच्या दाराला, गोठ्याच्या फाटकाला आणि पुढच्या दाराच्या कडीला एक. गॅसची शेगडी दाराआड गेली, ते तेवढं बरोबरच होतं. रत्नानं आपली वेणी अंबाड्यात घट्ट बांधली. किल्ल्यांचा जुडगा मी कमरेला लावला. उपकेंद्रात कपाटांच्या किल्ल्या अशाच लावायची मी, सवयीचंच होतं.

भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. घर शांत झालं, असं हिरामण म्हणाला. म्हैस दावणीला राहिली, लोणचं टिकलं. आणि सुपडामाय रोज चार वाजता मरणाची घाबरू लागली.

ती या कुलपापासून त्या कुलपापर्यंत चालायची. प्रत्येक कुलूप दोन्ही हातांनी ओढायची, हलवायची, कान लावायची. कपाळावर घाम यायचा. “मोकयं कर व माय, मोकयं कर,” एवढंच म्हणत राहायची. मला वाटलं, तिला मोकळ्या हवेत जायचंय. मी तिला हाताला धरून मारुतीच्या पारापर्यंत फिरवून आणायची. परत आली की ती पुन्हा पहिल्या कुलपाशी. मी सांगायची, “सुपडामाय, हे तुझंच घर आहे. सगळं जागच्या जागी आहे. काही राहिलेलं नाही.” ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि पुढच्या कुलपाकडे वळायची. पुढे पुढे जेवण कमी झालं. मनगटं कुलपांवर आपटून निळी पडली. डॉक्टरांनी गुंगीची गोळी वाढवली, तर ती गुंगीतही बोटांनी लुगड्याच्या निऱ्या सोडत बसायची.

आणि ती माझ्या कमरेकडे हात न्यायची, किल्ल्यांकडे. रोज. एक दिवस मी थकले होते, ऊन होतं, सकाळपासून तिनं दोनदा भात सांडला होता. तिचा हात किल्ल्यांवर आला आणि मी त्या हातावर चापट मारली. फार जोरात नाही. पण मारली. तिनं हात मागे घेतले आणि पाठीमागे बांधून उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी. तसं उभं राहिलेलं मी तिला पूर्वी पाहिलं होतं. तरी मला आठवलं नाही.

असे आठ महिने गेले. मग हिरामणची मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आजीची लाडकी. आजीनं तिला नावानं ओळखलं नाही, पण पोटाकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी एक स्थिर नजर आली. रत्ना लेकीला आजीच्या खोलीत जाऊ द्यायची नाही. मीच तसं सांगितलं होतं.

मनीषाच्या कळा दुपारी सुरू झाल्या. घाई काही नव्हती, पहिलटकरीण, वेळ होता. हिरामणनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, रत्ना कपड्यांची पिशवी भरू लागली. मनीषा खाटेवर बसून कण्हली. तो आवाज सुपडामायनं ऐकला.

ती खोलीतून बाहेर आली ती चालत नव्हे, जवळजवळ पळत. कोठीच्या कुलपाला धरून तिनं असा हिसका दिला की कडी वाकली. मग कपाट. मग पेटी. रत्ना ओरडली, “सिस्टर, धरा ना त्यास्ले!” मी पुढे झाले. सुपडामाय माझ्याकडे वळली. मला वाटलं, ओरबाडेल. तिनं माझ्यापुढे हात जोडले.

“नरसबाई,” ती म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला हाक मारली होती. “नरसबाई, बाई अडेल शे. हात नही लावत मी. तुन्ही आन शे, हात नही लावत. फक्त कुलपं खोलस.”

उसाच्या कडेची ती झोपडी, सोडलेली बकरी, दाराशी पाठीमागे बांधलेले हात, सगळं एकदम समोर आलं. या बाईच्या डोक्यातून स्वतःच्या मुलाचं नाव गेलं होतं, नवऱ्याचं गेलं होतं, आपण जेवलो की नाही हे जात होतं. मी घातलेली बंदी तेवढी शिल्लक होती. तिच्या लेखी त्या झोपडीतली बाई अजून अडलेली होती. रोज चार वाजता ती तिला सोडवायला निघायची, तिला परवानगी होती तेवढ्याच एका मार्गानं. आणि मी, जिनं तिचे हात काढून घेतले होते, तीच आता दर दाराला कुलूप घालून किल्ल्या कमरेला लावून उभी होते.

मी कमरेचा जुडगा काढला. रत्ना म्हणत होती, “हाई काय करी ऱ्हायन्यात तुम्ही?” मी कोठी उघडली, कपाट उघडलं, पेटी उघडली. मागचं दार, पुढची कडी, गोठ्याचं फाटक. मग मी मनीषाजवळ गेले आणि तिला विचारून तिची वेणी सोडली. पोरगी शिकलेली, कळांमध्येही हसली. सुपडामाय माझ्या मागे मागे येत होती. प्रत्येक कुलूप निघालं की “हां” म्हणायची. शेवटचं निघालं तेव्हा ती ओट्यावर बसली आणि तिनं पाय लांब केले. घाम पुसला. त्या घरात मी तिला पाय लांब करून बसलेलं पहिल्यांदा बघत होते.

ॲम्ब्युलन्स आली, मनीषा गेली, तिच्याबरोबर आईबाप गेले. मी आणि सुपडामाय उघड्या घरात बसून राहिलो. म्हैस अंगणात येऊन उभी राहिली होती, तिला तसंच उभं राहू दिलं. दिवेलागणीच्या आधी हिरामणचा फोन आला. मुलगी झाली होती, सगळं सुखरूप.

“सुपडामाय,” मी म्हटलं, “सुटनी बाई.”

“काय व्हयनं?”

“पोर व्हयनी.”

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. “रडनी का?”

मी हिरामणला सांगितलं, फोन बाळाजवळ धर. पलीकडून कोवळं, चिडलेलं रडणं आलं. मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. मग हळूच विचारलं, “वावरमातली ना?”

मी हो म्हटलं. हो, तीच. वावरातली, उसाच्या कडेच्या झोपडीतली. मी रडत होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, बाळंतिणीच्या आईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पुन्हा घाबरून उठली. एकदा ऐकून पुरेल असा हा आजार नाही. पण आता मला काय करायचं ते माहीत होतं. आम्ही दोघी मिळून सहा कुलपं उघडायचो, त्यासाठी मी ती आधी लावून ठेवायचे. मी सांगायचे, सुटनी. ती विचारायची, रडनी का? मी सांगायचे, रडनी. मग ती जेवायची. गोळी निम्म्यावर आली. मनगटांचे डाग गेले. रत्ना एक दिवस म्हणाली, “एवढंच व्हतं का, सिस्टर?” मला तिच्याकडे बघवलं नाही.

मी हिरामणला सगळं सांगितलं, अंगणवाडीतलं, झोपडीतलं, रजिस्टरमधलं आणि चापटीचंही. तो म्हणाला, “मायनं कव्हय सांगं नही आमले.” मला रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मनीषा बाळाला घेऊन घरी आली. बारा दिवसांनंतर, कुलपं उघडून झाल्यावर, तिनं बाळ आजीसमोर खाटेवर ठेवलं. सुपडामाय वाकली. तिची बोटं बाळाच्या वर, वीतभर अंतरावर थांबली. गळ्याच्या जागी दोन बोटं पुढे झाली होती. तिनं मान वळवून मला शोधलं.

“आते हात लावू का, नरसबाई?”

“लाव, सुपडामाय,” मी म्हटलं. “तुन्हाच हात शे तो.”

तिनं बाळाच्या गळ्याभोवती दोन बोटं अलगद फिरवली. काही नव्हतं तिथं. मग छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, “दम चाली ऱ्हायना.”

त्यानंतर ती साडेतीन महिने जगली. मनीषा सासरी जायला तयार होईना, आजीसाठी ती थांबली. रोज चार वाजता बाळ खाटेवर यायचं आणि रोज सुपडामायचे हात वीतभर वर थांबायचे. मी एकदा तिला म्हटलं, माय, आता विचारू नकोस, तुला कायमची मोकळीक आहे. मी मनीषाला सांगून पाहिलं, रत्नाला सांगून पाहिलं, तिचा हात धरून स्वतः बाळावर ठेवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. माझी बंदी तिच्या लक्षात राहिली होती, माझी परवानगी राहत नव्हती. शेवटच्या आठवड्यात तिला उठवत नव्हतं, बाळ तिच्या कुशीत ठेवावं लागायचं. तेव्हाही ती आधी मान वळवून मला शोधायची, मी हो म्हणेपर्यंत थांबायची. एकही दिवस तिनं न विचारता हात लावला नाही.